नाक्यावरचा घोडा



या व्याख्यानमालेत साहित्यावर बोललं जातं, इतिहासावर बोललं जातं, संगीत-नाटकावर तर बोललं जातंच. यंदा तुम्ही एका निवृत्त सरकारी पशुवैद्याला बोलावलंत आणि त्याने विषय निवडला घोड्यांच्या रोगांचा. गोव्यात घोडे आहेत कुठे, असा प्रश्न तुमच्या मनात आला असणार. प्रश्न रास्त आहे. आपला शेतकरी गाय पाळतो, म्हैस पाळतो, कोंबड्या पाळतो, डुक्करही पाळतो. घोडा पाळणारा विरळाच. आमच्या दवाखान्याच्या नोंदवहीत पानंच्या पानं उलटावीत तेव्हा कुठे एका घोड्याचं नाव सापडतं.

आणि म्हणूनच मी हा विषय घेतला आहे. गाईला ताप आला तर गावातली म्हातारी बाईसुद्धा ओळखते. लाळ्याखुरकुत आला तर वाड्यावरच्या चार जणांना कळतो. घोड्याच्या नाकातून चिकट, पिवळा स्राव येऊ लागला तर त्याचा अर्थ सांगणारं गावात कोण आहे? रोजचं जनावर आजारी पडलं तर पशुसंवर्धन खातं सवयीने धावतं. क्वचित दिसणारं जनावर आजारी पडलं की खात्याची खरी परीक्षा होते. आज मी बोलणार आहे ते या परीक्षेबद्दल: सरकारी पशुवैद्यकाने तिची तयारी कशी करायची, आणि त्यात तुमचा, म्हणजे पंचायतीचा, घोडेवाल्याचा, हॉटेलवाल्याचा वाटा किती.

आधी थोडं मागे जाऊ. गोव्यात घोडे कुठे, असं विचारणाऱ्याला पाचशे वर्षांपूर्वीचा गोवेकर हसला असता. आफोंसो द आल्बुकेर्कने १५१० मध्ये गोवा घेतलं, त्यामागच्या मोठ्या कारणांपैकी एक घोडा होता. होर्मुझहून अरबी आणि इराणी घोडे भरून गलबतं इथे येत आणि घोडे इथून घाट चढून विजयनगरला, विजापूरला जात. दख्खनच्या हवेत चांगली पैदास होत नसे, लढाया तर थांबत नसत. त्यामुळे दरवर्षी नवे घोडे लागत. ज्याच्या हाती बंदर त्याच्या हाती शेजाऱ्याचं घोडदळ. पोर्तुगिजांनी हा व्यापार गोव्याच्या बंदरात आणून बांधला आणि घोड्यांवरची जकात हे राज्याचं मोठं उत्पन्न झालं. १५४७ मध्ये विजयनगरशी तह झाला तेव्हा त्यात घोड्यांचं कलम होतं: गोव्यात उतरणारे घोडे विजयनगरला मिळावेत, आदिलशहाला मिळू नयेत.

एवढे घोडे दरवर्षी का लागत? लढाईत मरत म्हणून, हे अर्धंच उत्तर. मार्को पोलो तेराव्या शतकाच्या अखेरीस दक्षिण हिंदुस्थानात आला तेव्हा त्याने लिहून ठेवलं की इथे आलेले घोडे फार दिवस जगत नाहीत, कारण त्यांची निगा कशी राखावी हे इथे कुणाला ठाऊक नाही, आणि घोडे विकणारे व्यापारी अश्ववैद्यांना मुद्दाम इकडे येऊ देत नाहीत. घोडा मेला की नवा विकता येतो ना! त्याच्या सांगण्यात प्रवाशाची अतिशयोक्ती असेल. पण मी आयुष्यभर जे काम केलं त्याच्या नजरेतून मला त्यात एक खरी गोष्ट दिसते. रोगावर जगणारा बाजार असू शकतो. जनावर निरोगी राहावं यात ज्याचा कोणताही नफा-तोटा नाही असा एक माणूस म्हणूनच समाजाला लागतो. सरकारी पशुवैद्य असतो तो त्यासाठी.

पुढे घोड्यांचा व्यापार ओसरला, विजयनगर पडलं, गलबतं थांबली. पण घोडा आपल्या मनातून गेला नाही. डिचोलीत, पेडण्यात, सत्तरीत शिगम्याला घोडेमोडणी निघते. कमरेला लाकडी घोडा बांधून, डोक्याला फुलांचा साज करून, हातात तलवार घेऊन, ढोल-ताशाच्या तालावर आपली मुलं नाचतात. या तालुक्यांच्या वाटेने मराठ्यांचे आणि सत्तरीच्या राण्यांचे घोडेस्वार दौडत गेले, त्याची ती आठवण. खरा घोडा गेला, त्याचं सोंग उरलं, आणि त्या सोंगालाही आपण किती मानाने वागवतो!

पण खरा घोडा पूर्ण गेला का? गेल्या काही वर्षांत तो परत येऊ लागला आहे, वेगळ्या वाटेने. मोरजी, मांद्रे, हरमलच्या बाजूला उत्तरेकडच्या पद्धतीची लग्नं होतात. वरात निघते ती घोडीवरून. ती घोडी कुठून आली? टेम्पोत घालून, रात्रीच्या रात्री, घाटावरून. चित्रीकरणाला घोडे येतात. पर्यटकांना वाळूवर फेरी मारून आणायला येतात. हौशी लोक घोडेस्वारी शिकवायला ठेवतात. मोपाचा विमानतळ २०२३ च्या जानेवारीत सुरू झाला. पेडणे तालुका आता राज्याचं दार झाला आहे आणि त्या दाराने काय काय येतं याचा हिशेब अजून आपण मांडलेला नाही. घोड्यांची संख्या अजूनही थोडी आहे, हे मान्य. पण हे घोडे एका ठाणावर राहत नाहीत. आज इथे, आठ दिवसांनी महाबळेश्वरात, महिन्याने एखाद्या जत्रेत. रोगनियंत्रणात किती जनावरं आहेत यापेक्षा ती किती फिरतात याला महत्त्व असतं.

आता रोगांकडे येतो. सगळे रोग सांगत बसलो तर रात्र होईल. दोनच घेतो. एक इथल्या हवेतला, एक बाहेरून येणारा.

इथल्या हवेतला रोग म्हणजे सर्रा. १८८० मध्ये ग्रिफिथ इव्हान्स या लष्करी पशुवैद्याला डेरा इस्माईल खानला घोड्यांच्या आणि उंटांच्या रक्तात वळवळणारे सूक्ष्म जीव दिसले. हा रोग गोमाशीच्या चाव्यातून पसरतो. आजारी जनावराचं रक्त पिताना मध्येच हाकलली गेलेली माशी दुसऱ्या जनावरावर बसते आणि रोग तिच्याबरोबर जातो. पाऊस ओसरला की गोमाश्या वाढतात, आणि आपल्याकडे पाऊस ओसरतो म्हणजे पर्यटनाचा हंगाम उघडतो. म्हणजे बाहेरचे घोडे नेमके त्याच वेळी येतात. घोड्याला ताप येतो, उतरतो, पुन्हा येतो. पायांना आणि पोटाखाली सूज येते. खाणं चालू असूनही तो वाळत जातो. वेळेवर औषध मिळालं नाही तर बहुतेक घोडे मरतात.

यातली खरी मेख अशी की म्हशीला हा जंतू असला तरी अनेकदा तिला काहीच होत नाही. ती चरते, दूध देते, डबक्यात बसते. शेजारी बांधलेला घोडा मात्र त्याच माशीने मरणाच्या दारात जातो. त्यामुळे ज्याला घोडा वाचवायचा आहे त्याने शेजारच्या गोठ्याकडेही बघायला हवं. औषध आहे, क्विनापायरामीन हे त्यातलं एक. तपासणीही साधी आहे: काचपट्टीवर रक्ताचा एक थेंब आणि सूक्ष्मदर्शक. तापाच्या भरात थेंब घेतला तर जंतू डोळ्यांनी दिसतो. पण सूक्ष्मदर्शक चालू हवा, त्यावर बसणारा माणूस हवा, आणि बोलावणं ताप असताना यायला हवं. घोडेवाला चार दिवस गावठी काढा पाजून पाचव्या दिवशी आला तर पट्टीवर काही दिसत नाही, आणि मग 'दोतोराला काय समजलं नाही' असं म्हणायला तो मोकळा होतो.

दुसरा रोग ग्लँडर्स. याबद्दल मला जरा जास्त बोलायचं आहे.

हा फार जुना रोग. नाकाच्या आत व्रण होतात, स्राव येतो, मांडीच्या आतल्या बाजूला गाठींची माळ उठते आणि त्या फुटतात. फुप्फुसं सडत जातात. पण कित्येक घोडे महिनोन्‌महिने वरून धड दिसतात आणि रोग पसरवत राहतात. एकाच टाकीतलं पाणी, एकच खरारा, एकच तोबरा पुरतो. घोड्यासाठी लस नाही, उपचार करायला परवानगी नाही. आणि हा रोग माणसाला होतो. मोतद्दाराला होतो, पशुवैद्याला होतो, प्रयोगशाळेतल्या माणसाला होतो. वेळीच निदान झालं नाही तर माणूस दगावतो. पहिल्या महायुद्धात जर्मन हेरांनी शत्रूच्या घोड्यांत हा रोग मुद्दाम पसरवण्याचा उद्योग केला होता. यावरून त्याची जात ओळखा. ब्रिटिश हिंदुस्थानात १८९९ मध्येच या एका रोगासाठी स्वतंत्र कायदा झाला होता.

बरीच वर्षं तो आपल्या देशात दिसला नव्हता. मग २००६ मध्ये आला. कुठे? दूर कुठे नव्हे, पुण्यात आणि पाचगणीत. पाचगणीच्या टेबललँडवर आपल्यापैकी कितीतरी जण सहलीला गेले असतील, मुलांना घोड्यावर बसवून फोटो काढले असतील. त्या ठिकाणी. त्यानंतर उत्तर प्रदेश, उत्तराखंड, पंजाब, हरियाणा असं करत जवळजवळ दरवर्षी कुठल्या ना कुठल्या राज्यात तो सापडत राहिला आहे.

पाचगणीसारख्या गावात ग्लँडर्स सापडतो तेव्हा काय होतं, हे नीट डोळ्यासमोर आणा. घोडेवाल्याकडे दोन-तीन घोडे असतात. शेत नसतं, दुसरा धंदा नसतो. रक्ताचा नमुना हरियाणात हिसारच्या राष्ट्रीय अश्व संशोधन केंद्रात जातो. उत्तर येईपर्यंत घोडा वेगळा बांधायचा, कामाला लावायचा नाही. पण तो खातो तर रोजच! उत्तर 'होय' असं आलं की पशुवैद्य येतो आणि घोड्याला वेदनारहित मरण देतो. खोल खड्डा, चुना, माती. आजूबाजूच्या सगळ्या घोड्यांची तपासणी, ठरावीक काळाने पुन्हा तपासणी, वाहतूक बंद, जत्रा बंद, फेऱ्या बंद. आणि भरपाई? केंद्राच्या योजनेत घोड्यामागे २५ हजार रुपये, गाढव-खेचरामागे १६ हजार. आज बऱ्यापैकी घोडा लाखाच्या खाली मिळत नाही.

आता मला सांगा, अशा घोडेवाल्याला आपल्या घोड्याच्या नाकात व्रण दिसला तर तो काय करेल? आपल्याला फोन करेल? की रात्री टेम्पो बोलावून घोडा लांब कुठेतरी विकून टाकेल?

या एका प्रश्नावर सगळं अवलंबून आहे. कायदा काय म्हणतो ते मला पाठ आहे. २००९ चा प्राण्यांच्या संसर्गजन्य रोगांचा कायदा सांगतो की अनुसूचित रोगाचा संशय आला तर मालकाने किंवा ज्याला कुणाला कळलं असेल त्याने गावच्या अधिकाऱ्याला किंवा पंचायतीला कळवायचं, पंचायतीने जवळच्या पशुवैद्याला लेखी कळवायचं, जनावर वेगळं ठेवायचं. सगळं बरोबर आहे. पण कायद्याच्या आधी घोड्याच्या नाकाशी जाणारा माणूस मोतद्दार असतो. तो परप्रांतातून आलेला, पगारी, मालकाला घाबरणारा. मालक हॉटेलवाल्याला घाबरणारा. हॉटेलवाला हंगामाला घाबरणारा. रोगाची पहिली बातमी या भीतीच्या साखळीतून चालत आपल्यापर्यंत यायची असते. आणि ती वेळेवर आली नाही तर हिसारची प्रयोगशाळा कितीही उत्तम असो, तिचा काय उपयोग?

म्हणून मी गेली अनेक वर्षं प्रत्येक बैठकीत एकच गोष्ट बोलत आलो आहे आणि आज इथेही बोलतो. रोग कळवणाऱ्याचं नुकसान होता कामा नये. घोड्याची भरपाई बाजारभावाशी नातं सांगणारी हवी. केंद्राची रक्कम कमी पडत असेल तर वरची राज्याने घालावी; घोडे मोजके आहेत, तिजोरीला भार पडणार नाही. ती महिनाभरात हातात पडावी. निकालाची वाट पाहताना घोड्याच्या वैरणीचा खर्च खात्याने उचलावा. मोतद्दाराची तपासणी आरोग्य केंद्रात त्याच दिवशी, फुकट, नाव न फोडता व्हावी. घोडेवाल्याशी बोलताना त्याला गुन्हेगार समजू नये. त्याने कळवलं म्हणजे त्याने तुमच्या-माझ्या मुलांवर उपकार केले आहेत. दंड करून रोग सापडत नाही, मंडळी. दंडाच्या भीतीने रोग लपतो.

ऑस्ट्रेलियाची गोष्ट सांगतो. त्या देशात घोड्यांचा इन्फ्लुएंझा कधीच नव्हता. २००७ च्या ऑगस्टमध्ये तो शिरला, परदेशातून आणलेल्या वळूघोड्यांबरोबर. ते घोडे सरकारी विलगीकरण केंद्रातच ठेवले होते! चौकशी बसली तेव्हा निष्कर्ष निघाला की माणसांच्या कपड्यांवरून, हातांवरून किंवा साहित्यावरून विषाणू बाहेर गेला असावा. आत-बाहेर करणाऱ्यांच्या स्वच्छतेकडे कुणाचं नीट लक्ष नव्हतं. भिंत होती, कुलूप होतं, नियम छापलेले होते. अंघोळ करून कपडे बदलून बाहेर पडण्याची शिस्त नव्हती. पण त्यापुढचा भाग जास्त महत्त्वाचा आहे. रोग कळताच त्यांनी देशभर घोड्यांची हालचाल थांबवली. शर्यती थांबल्या. जो घोडा जिथे होता तिथेच राहिला. हजारो पागांत रोग गेला तरी वर्ष संपायच्या आत त्याचा प्रसार थांबला. श्रीमंत देश म्हणून जमलं, असं म्हणू नका. शर्यतींवर जगणाऱ्या उद्योगाला थांबायला सांगणं तिथेही सोपं नव्हतं. थांबवण्याचा अधिकार कुणाकडे आहे हे त्यांना माहीत होतं आणि त्या माणसाने तो वापरला.

आपल्याकडे तो अधिकार कोण वापरणार, कधी? समजा, नाताळच्या आठवड्यात मांद्र्याला एका घोड्याचा संशय आला. लग्नं ठरलेली, हॉटेलं भरलेली. त्या वेळी पशुसंवर्धन संचालनालयाने हालचालबंदी जाहीर करायची तर वरून फोन येतील, खालून फोन येतील. 'दोन जानेवारीपर्यंत थांबा ना' असं गोड शब्दांत सांगितलं जाईल. त्या फोनला उत्तर काय द्यायचं हे अधिकाऱ्याने त्या दिवशी शोधायचं नसतं. ते आधी, पावसाळ्यात, शांतपणे लिहून सह्या करून ठेवायचं असतं. कोण जाहीर करेल, कोण नाका बंद करेल, कोण पत्रकारांशी बोलेल, कोण घोडेवाल्याच्या घरी जाईल. आणीबाणीचं काम निम्म्याहून अधिक आणीबाणी येण्याआधी झालेलं असतं.

आणि नाका! आपले नाके म्हणजे पत्रादेवी, दोडामार्ग, केरी, मोले, पोळे. यांतला पत्रादेवी पेडण्यात, दोडामार्गचा डिचोलीच्या वेशीवर. टेम्पो थांबतो, कागद बघितला जातो, दारूची तपासणी होते, कधी गुरांची होते. घोडा असेल तर काय बघायचं? त्याचं आरोग्य प्रमाणपत्र, ग्लँडर्स चाचणीचा अलीकडचा अहवाल, आणि तो अहवाल याच घोड्याचा आहे याची खात्री. गाईच्या कानात आता १२ अंकी बिल्ला असतो. घोड्याला मायक्रोचिप हवी. नसेल तर रंग, भोवरे, कपाळावरचा टिळा, पायांचे पांढरे मोजे यांचं वर्णन कागदावर हवं आणि ते जुळवून बघणारा डोळा हवा. घोड्याचे भोवरे बघणारी पिढी आपल्या सरदार घराण्यांच्या पागांत होती. ते ज्ञान अंधश्रद्धेबरोबर टाकून दिलं. शुभाशुभ सोडून द्या, पण ओळख पटवायला भोवऱ्यांइतकं पक्कं दुसरं चिन्ह शरीरावर क्वचितच असतं. नाक्यावरच्या पोलीस शिपायाला हे अर्ध्या दिवसात शिकवता येतं.

नाक्याबद्दल आणखी एक अडचण आहे आणि ती नकाशावर बघितली की लगेच कळते. ग्लँडर्सच्या २०१९ च्या राष्ट्रीय आराखड्यात बाधित पागेभोवती ५ किलोमीटरचं बाधित क्षेत्र आणि त्याबाहेर २५ किलोमीटरपर्यंत देखरेखीचं क्षेत्र आखलं होतं. पुढच्या सुधारणेत ही वर्तुळं लहान केली. पण लहान असो की मोठं, पत्रादेवीवर कंपास ठेवून वर्तुळ काढा. अर्धं वर्तुळ सिंधुदुर्गात पडतं. बांदा त्यात येतं. दोडामार्गवर ठेवा. एका बाजूला डिचोली, साखळी. दुसऱ्या बाजूला महाराष्ट्राचा दोडामार्ग तालुका. घोड्यालाही सीमा कळत नाही, गोमाशीलाही नाही. मग त्या वर्तुळातल्या घोड्यांची यादी कुणाकडे आहे? गोव्याच्या अधिकाऱ्याने पलीकडच्या अधिकाऱ्याला फोन करायचा तर कोणत्या नंबरावर? की पणजीहून मुंबईला पत्र, मुंबईहून पुण्याला, पुण्याहून सिंधुदुर्गातल्या ओरोसला? तोवर टेम्पो बेळगाव गाठतो. पेडणे-सावंतवाडी आणि डिचोली-दोडामार्ग या जोड्यांनी वर्षातून दोनदा एकत्र बसावं, घोड्यांच्या याद्या अदलाबदल कराव्यात, एकमेकांचे चेहरे ओळखीचे असावेत. यासाठी मंत्रालयाचा आदेश लागत नाही. चहाचा खर्च लागतो.

हे शक्य आहे का, असं विचाराल तर माझ्याकडे पुरावा आहे आणि तो तुमच्या दारातला आहे. रेबीज. दहा-बारा वर्षांपूर्वी पिसाळलेल्या कुत्र्याचा चावा ही गोव्यात दरवर्षीची भीती होती. सरकारने मिशन रेबीज या संस्थेबरोबर काम सुरू केलं. दरवर्षी गावोगाव फिरून, जाळ्यांनी कुत्री पकडून लस टोचली. किती कुत्र्यांना टोचलं आणि कुठे टोचलं हे फोनवर नोंदवलं. शाळाशाळांत जाऊन मुलांना शिकवलं. मेलेला किंवा संशयास्पद कुत्रा दिसला की कळवायला एक नंबर दिला आणि कळवणाऱ्याकडे खरोखर गाडी पाठवली. २०१७ नंतर कित्येक वर्षं माणसाचा एकही बळी नोंदला गेला नाही. २०२१ मध्ये त्याच २००९ च्या कायद्याखाली गोवा रेबीज-नियंत्रित क्षेत्र म्हणून जाहीर झालं. देशात असं पहिलं राज्य आपलं. आणि लक्षात घ्या, घोड्यालाही रेबीज होतो. पिसाळलेल्या घोड्याला पोटशूळ झाला असं समजून लोक त्याच्या तोंडात हात घालतात. गेल्या दशकात आपण कुत्र्यांना जी लस टोचली तिने घोडा आणि घोडेवाला दोघांनाही न सांगता वाचवलं.

सत्तरीत माकडतापाचंही तेच झालं. २०१५ मध्ये पालीला लोक तापाने आजारी पडले, पुढच्या वर्षी दोडामार्गातल्या केरमध्ये. तेव्हापासून रानात मेलेलं माकड दिसलं की लोक कळवू लागले. आरोग्य, वन आणि पशुसंवर्धन या तीन खात्यांना एकत्र यावं लागलं. मेलेल्या माकडाला हात न लावता फोन करायचा, हे रानातल्या गावांना काही वर्षांत शिकवता आलं. तर नाक गळणाऱ्या घोड्याला कामाला न लावता फोन करायचा, हे मोतद्दाराला शिकवणं अशक्य का असावं? नंबर सोपा आहे: १९६२. पशुवैद्यकीय मदतीसाठी देशभर हाच आहे. गोवा मुक्त झाल्यानंतरचं पहिलं वर्ष, असं सांगितलं की आपल्या लोकांच्या सहज लक्षात राहतं.

आणीबाणी फक्त रोगाची नसते; पुरांबद्दलही थोडक्यात सांगतो. २०१९ च्या ऑगस्टमध्ये तिळारी नदीच्या पाण्याने पेडण्यातली गावं बुडाली. २०२१ च्या जुलैत सत्तरी, डिचोली आणि पेडणे पुन्हा पाण्यात गेली. त्याच वर्षी मे महिन्यात तौक्ते वादळ आलं होतं. अशा वेळी बांधलेलं जनावर बुडतं, सोडलेलं बहुतेकदा उंच जागा शोधतं. घोड्याच्या बाबतीत पूर उतरल्यावरचा धोका मोठा आहे. चिखलात खिळे, पत्रे, तारा असतात. खुराला एक बारीक जखम होते आणि धनुर्वात होतो. धनुर्वाताने घोडा इतर कुठल्याही गुरापेक्षा लवकर जातो. लस स्वस्त आहे. ती पाऊस लागण्याआधी टोचायची असते. एवढंच.

शेवटचा मुद्दा कुणालाच बोलायला आवडत नाही असा आहे, पण पंचायतीची माणसं समोर बसलेली आहेत म्हणून बोलतो. मेलेला घोडा कुठे पुरायचा?

घोड्याचं वजन तीनशे-चारशे किलो. ग्लँडर्सने किंवा फाशी या रोगाने (अँथ्रॅक्सने) मेलेलं जनावर उघडायचं नसतं, ओढत न्यायचं नसतं, जवळच पुरायचं असतं. सहा फूट खोल खड्डा, खाली-वर चुना. आता पेडण्याचा किनारा घ्या. वाळू, चार फुटांवर पाणी लागतं, आणि प्रत्येक घराला विहीर. आतल्या गावांत जांभा दगड. यंत्राशिवाय खड्डा होत नाही. डिचोलीत खाणींचे मोठमोठे खड्डे तयार आहेत, पाण्याने भरलेले. बंद पडलेल्या खाणींकडे कुणाचं लक्ष नाही. मेलेलं जनावर तिथे ढकलून देण्याचा मोह सगळ्यात सोपा, आणि त्याच पाण्यावर खालची शेतं आणि विहिरी अवलंबून असतात. असं पाण्यात टाकणं कायद्याने गुन्हा आहे. पण जागाच ठरवलेली नसेल तर रात्री दोन वाजता घोडेवाला काय करेल? आणि पशुवैद्य तरी काय करेल? तो सरपंचाला फोन लावेल, सरपंच म्हणेल माझ्या वाड्यावर नको, शेजारचा सरपंच म्हणेल माझ्या गावात नको, आणि पहाट होईपर्यंत ते कलेवर उघड्यावर पडून राहील.

म्हणून माझी प्रत्येक पंचायतीला विनंती आहे. पुढच्या ग्रामसभेत हा एक विषय घ्या. विहिरी, नदी आणि वस्तीपासून दूर, गाडी जाईल अशी एक जागा ठरवा. मोठ्या जनावरांसाठी, फक्त घोड्यांसाठी नव्हे; म्हशीही मरतात, पुरात गुरंही मरतात. जागा जमिनीच्या नोंदीवर दाखवा, ठरावाची प्रत तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात द्या. जेसीबी कुणाकडे आहे आणि रात्री कोण आणून देईल, त्याचं नाव आणि नंबर ठरावाखाली लिहा. चुन्याच्या चार पिशव्या पंचायतीच्या गोदामात कोरड्या जागी ठेवा आणि दरवर्षी मिरगाच्या आधी बदला, कारण ओलावा लागलेला चुना कामाचा राहत नाही. मी खात्यात नसलो तरी कुणाला जागा दाखवायची असेल तर मी येईन. पेडण्यात असो वा डिचोलीत, कळवा फक्त.